फुकट ओपीडी चालवायचीये? मेडिकलच्या पोरापोरींसाठी कामाच्या गोष्टी

दरवर्षी सेकंड इयरला आलेली पोरं विचारतात की आम्हाला पण वस्तीत फ्री ओपीडी चालू करायचीये, कुठून सुरुवात करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. डोक्यात ठाणे-नवी मुंबईच आहे.

आधी हे ठरवा की शिबीर करायचंय की दवाखाना. शिबिरात बॅनर लागतो, पाहुणे येतात, दीडशे लोकांचं बीपी-शुगर होतं, फोटो निघतात आणि सगळे घरी. तुर्भे स्टोअर, दिघा, वागळे इस्टेट असल्या ठिकाणच्या लोकांनी शिबिरं ढिगाने बघितलीत, त्यांना आपलं बीपी वाढलंय हे चार वेळा कळलेलं असतं, पुढे काय करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. दवाखाना म्हणजे तीच जागा, तोच वार, तीच वेळ, आणि पेशंट परत आला तर त्याचा मागचा कागद सापडला पाहिजे. शिकायला मिळतं ते पण इथेच. पहिल्या भेटीत तुम्ही गोळी दिली, ती त्याने घेतली का, नाही घेतली तर का नाही, हे दुसऱ्या भेटीत कळतं आणि वॉर्डात हे कळत नाही कारण डिस्चार्ज झाला की पेशंट गायब. म्हणून महिन्यातून दोनदाच करा पण चुकवू नका.

वार आणि वेळ ठरवताना रविवारी सकाळी दहा असं आपोआप लिहू नका, वस्तीत जाऊन विचारा. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोननंतरच मोकळ्या होतात. एपीएमसीतल्या माथाडी लोकांचं भाजीच्या गाड्या उतरवायचं काम रात्री-पहाटे, ते सकाळी झोपलेले असतात. एमआयडीसीत शिफ्ट असते आणि सुट्टी रविवारीच असेल असं नाही. नाक्यावर उभे राहणारे लोक अकरापर्यंत काम नाही मिळालं तरच परत येतात. तुमच्या वस्तीत कोण जास्त आहे ते बघा आणि त्यांच्या वेळेला उघडा, भले मग तुमचा रविवारचा पिक्चर बुडू दे.

आता कायद्याचं, हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. एमबीबीएसचा विद्यार्थी स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहू शकत नाही. इंटर्नचं रजिस्ट्रेशन पण प्रोव्हिजनल असतं, तो सुद्धा सिनियरच्या हाताखालीच. म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं पक्कं रजिस्ट्रेशन असलेला एक डॉक्टर ओपीडीभर खुर्चीत बसलेला पाहिजे, फोनवर नाही, "मी येतोच अर्ध्या तासात" पण नाही. डॉक्टर नाही आले तर त्या दिवशी फक्त बीपी मोजा, मागच्या लोकांची चौकशी करा आणि बंद करा. कॉलेजची लेखी परवानगी घ्या. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तुमच्या पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) डिपार्टमेंटला पकडा, प्रत्येक मेडिकल कॉलेजला शहरी आरोग्य प्रशिक्षण केंद्र असतंच, त्यालाच जोडून घेतलं तर जागा, औषधं, कचरा असे निम्मे प्रश्न सुटतात. शिवाय फॅमिली अडॉप्शन प्रोग्राम, म्हणजे विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे बघायचं, आता अभ्यासक्रमातच आहे, म्हणजे घरोघरी जायची सवय कशीही लावायचीच आहे.

आणि त्या भागातल्या पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन मेडिकल ऑफिसरना आणि आशाताईंना भेटा. आशाताई! कुठल्या घरात कोण खोकतंय, कोणाची सून पाच महिन्यांची आहे, कोण गोळ्या घेऊन टाकून देतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. तीस वर्षांवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सर असल्या आजारांचा धोका बघायची प्रश्नावली) त्याच भरतात, त्यात स्कोअर ४ च्या वर गेला की त्या माणसाची तपासणी आधी करायची असते. ती यादी त्यांच्यासोबत बसून बघा, तुमचे पहिले पेशंट तिथेच मिळतील.

जागेला समाजमंदिर, शाळेचा वर्ग, मंडळाचं ऑफिस काहीही चालतं. बाहेर सावलीत बसायला बाकडी हवीत, आत पाणी हवं आणि एक कोपरा पूर्ण झाकता आला पाहिजे, जुन्या चादरी आणि सुतळीने पण होतं. बाई पेशंट तपासताना आत दुसरी बाई असलीच पाहिजे, यावर चर्चा नको. फर्स्ट इयरच्यांना नोंदणी आणि टोकनवर बसवा, सेकंड इयर बीपी-शुगर-वजन, थर्ड आणि फायनलवाले हिस्टरी घेऊन डॉक्टरांना सांगतील, इंटर्न औषधांवर. आणि बाहेर पडायच्या दाराशी अजून एकजण पाहिजेच, तो काय करतो ते पुढे सांगते.

बीपीवर थोडी रेंगाळते कारण सगळ्यात जास्त हेच चुकतं. माणूस उन्हातून चालत आला, टपरीवर चहा मारला, तोंडात तंबाखू, आल्या आल्या आपण दंडाला कफ (बीपी मशीनचा पट्टा) बांधला आणि १६० आलं की लगेच "काका तुम्हाला बीपी आहे". असं नाही करायचं. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला. चहा-तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला हवा. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे. मोजताना गप्पा नाहीत, शर्टाच्या बाहीवरून कफ नाही. जाड दंडाला लहान कफ लावला तर रीडिंग उगाच जास्त येतं, म्हणून मोठा कफ विकत घ्याच. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. १४०/९० च्या वर आलं तरी एका दिवसावर शिक्का मारायचा नाही, पुढच्या खेपेला परत. पण १८०/१२० च्या आसपास आहे आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, दिसायला धूसर झालंय किंवा हातपाय ढिला पडलाय, तर तिथे शिकत बसू नका, डॉक्टरांना उठवा आणि १०८ लावा.

शुगरला आधी साबणाने हात धुवून पुसायला लावा, नुसतं स्पिरिट फिरवून उपयोग नाही. केळं किंवा प्रसादाचा शिरा खाल्लेल्या बोटावर मशीन काहीही आकडा दाखवतं. बोटाच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसा. शेवटचं कधी खाल्लं ते आकड्याच्या शेजारी लिहिलं नाही तर तो आकडा बिनकामाचा. २०० च्या वर आणि तहान-लघवी-वजन कमी होणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांकडे, नाहीतर उपाशीपोटी लॅबची तपासणी, तिथे १२६ ची रेघ, तेवढी किंवा जास्त आली तर डायबेटिसचा संशय. ७० च्या खाली आलं आणि माणूस शुद्धीत आहे तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजा. लॅन्सेट (टोचायची सुई) प्रत्येकाला नवी, आणि वापरलेली न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हा कचरा तुमच्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल कचऱ्यातच गेला पाहिजे, मंडळाच्या डस्टबिनमध्ये नाही, सकाळी तो हाताने उचलणारा माणूस त्याच वस्तीत राहतो.

हिस्टरी. पुस्तकातली ऑर्डर ठीक आहे पण प्रश्न माणसाचे विचारा. "तंबाखू खाता का?" म्हटलं की मावशी नाही म्हणणार. "मशेरी लावता का?" म्हटलं की हो, सकाळ-संध्याकाळ. मग तोंड उघडायला लावा, तीन बोटं आत जात नसतील, पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम असेल तर लिहा आणि दाखवा. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे पण वस्तीत तो मिळतोच, त्यामुळे पोरांना पण विचारा. "काही औषध चालू आहे का" याचं उत्तर बहुतेकदा नाही असं येतं, कारण मेडिकलवाल्याने दिलेली अंगदुखीची गोळी आणि गावाकडची पुडी लोक औषधात धरतच नाहीत, म्हणून "घरात ज्या काही गोळ्या-पुड्या आहेत त्या पिशवीत घालून घेऊन या" असं सांगा, त्या पिशवीतून जे निघतं ते बघून अर्धं फार्मॅक (औषधांचा विषय) होतं. बायकांना पाळीची तारीख विचारल्याशिवाय गोळीच नाही. अंगावरून जातंय हे पडद्याआड, सासू बाहेर गेल्यावरच कळणार.

डॉक्टरांना सांगताना एक मिनिटात सांगा. असं काहीतरी: "५२ वर्षांच्या मावशी, चार घरची कामं करतात, दोन वर्षांपासून बीपी, ॲम्लोडिपिन ५ चालू होती, महिन्यापूर्वी स्वतःच बंद केली कारण पायाला सूज यायला लागली, आज दोनदा १५६/९४ आणि १५२/९२, छातीचा काही त्रास नाही, सूज आता नाही. मला वाटतं सूज त्या गोळीमुळेच असेल, गोळी बदलावी का?" शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सर ओरडतील म्हणून पोरं आपलं मत गिळतात, मग शिकणार कसं. मत चुकलं तर चुकलं, खुर्चीत डॉक्टर आहे ना.

औषधांची यादी छोटी ठेवा. पॅरासिटामॉल, ओआरएस, लोह-फॉलिक, जंताची गोळी, बीपी-शुगरच्या एक-दोन साध्या जेनेरिक गोळ्या. कंपन्यांची सॅम्पल कोणी पोत्याने आणून दिली तरी नको, पुढच्या महिन्यात तीच गोळी मिळणार नाही आणि पेशंट अधांतरी. "सुई द्या ना डॉक्टर", "सलाईन लावा, अशक्तपणा आलाय" हे रोज ऐकाल. फटकन नाही म्हणू नका, नाहीतर ती बाई शेजारच्या गल्लीत जाऊन दीडशे रुपयांची सुई घेऊन येईल. बसवा, ओआरएस समोर करून प्यायला द्या, काय होतंय ते समजावा. पावसाळ्यात तापाच्या पेशंटला डेंगी नाही हे कळेपर्यंत ब्रुफेन, डायक्लो असल्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत. साचलेल्या पाण्यातून चालत गेला होता का आणि पोटऱ्या दुखतात का हे विचाराच, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, असल्या घाण पाण्यातून होणारा ताप) संशय आला तर त्याच दिवशी पाठवा.

पाठवा म्हणजे "मोठ्या हॉस्पिटलला दाखवा" असं नाही. हे वाक्य ऐकून कोणी जात नाही. चिठ्ठीवर लिहा: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं पालिकेचं रुग्णालय, कुठल्या मजल्यावरची ओपीडी, केस पेपर किती वाजेपर्यंत निघतो, आधार आणि रेशनकार्ड सोबत. त्यासाठी तुम्ही स्वतः एकदा त्या रांगेत उभे राहून या, सोपं नसतं ते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, ऑपरेशन वगैरे असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना, तिथे आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयात बसणारा मदतनीस) भेटायला सांगा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी, ती फुकट होते, आणि टीबी निघालाच तर उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये पोषणासाठी खात्यात येतात. पैशांचं सांगितलं की घरचे पण ऐकतात, यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तो दारावरचा माणूस. याचं काम एकच, पेशंटने काय ऐकलं ते त्याच्याच तोंडून काढायचं. "समजलं ना?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. "आजी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ही गोळी कधी घ्यायची?" असं विचारा, मग कळतं की डॉक्टरांनी सांगितलेलं "जेवणानंतर" आजींना लागूच होत नाही कारण त्या एकदाच जेवतात. मीठ कमी करा म्हटल्यावर लोक भाजीतलं मीठ कमी करतात आणि ताटात सुका जवळा, लोणचं, पापड तसाच. ओट्स आणि ऑलिव्ह ऑईल तर कृपया नकोच, त्यापेक्षा घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लिटर लागतं ते विचारा आणि तिथून बोला.

दारावरच रजिस्टर पण असतं. नाव, वय, आकडे, पुढची तारीख आणि फोन, पण फोन कोणाचा ते लिहा, नवऱ्याचा, मुलाचा की शेजारणीचा, म्हणजे कोणासमोर काय बोलायचं नाही ते कळेल. आणि एक रकाना गावाचा. मे महिन्यात आणि गणपतीत अर्धी वस्ती गावाला जाते, कोकणात, साताऱ्याला, मराठवाड्यात, आणि गोळ्या तिथेच सुटतात. एप्रिलमध्ये आणि गणपतीच्या आधी विचारून घ्या, परत यायच्या तारखेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रजिस्टर टेबलावर उघडं ठेवायचं नाही. पेशंटचा फोटो स्टोरीला नाही, चेहरा झाकून पण नाही. वस्ती छोटी असते, साडीवरून ओळखतात.

संपल्यावर अर्धा तास कोणी पळू नका. औषधं मोजा, एक्स्पायरी बघा, आणि ज्यांना आज यायचं होतं आणि आले नाहीत त्यांची यादी काढून तिथल्या तिथे वाटून घ्या, कोण कोणाला फोन करणार. फोनवर "का नाही आलात" असं दरडावायचं नाही, "काका, बरे आहात ना, गोळ्या संपल्या असतील ना" एवढंच.

परीक्षेचं शेवटी. बहुतेक ओपीड्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत बंद पडतात आणि मग परत उघडतच नाहीत. त्यामुळे ज्या बॅचची परीक्षा नाही त्यांना दोन महिने आधीपासून सोबत घ्या, रजिस्टर त्यांच्या हातात द्या, आशाताईंशी ओळख करून द्या. तरीही एखादी खेप बुडणारच असेल तर आधीच्या खेपेला प्रत्येकाला तोंडी सांगा, दारावर मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत पुढची तारीख लावा आणि त्याखाली तोपर्यंत गोळ्या कुठे मिळतील त्या जवळच्या सरकारी 'आपला दवाखाना'चा पत्ता आणि वेळ.