टेस्टरवर मिसळ हरलो, तेव्हा कळलेली रीत

निफाडचा द्राक्षवाला अमेरिकेच्या सिनेटची निवडणूक बघतो म्हणून घरचे हसतात. हसू देत. २०२४ ला मी मेव्हण्याशी मिसळीची पैज लावली होती की मोंटाना राज्याचा सिनेटर जॉन टेस्टर पडत नाही. बिग सँडी गावचा शेतकरी, अठराशे एकर जमीन, नऊ वर्षांचा असताना मांस दळायच्या यंत्रात डाव्या हाताची तीन बोटं गेलेली, तीन वेळा निवडून आलेला. आपला माणूस वाटला. आपल्या दिंडोरीत त्याच वर्षी कांदा निर्यातबंदीच्या रागाने केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या होत्या. शेतीवर मत फिरतं, एवढंच डोक्यात होतं.

तिथेच चुकलो. मोंटानात उमेदवाराची शेती नंतर बघायची, आधी बघायचं त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे का. दोन्ही नावं एकाच मतपत्रिकेवर असतात. २००६ आणि २०१८ ला टेस्टर जिंकला तेव्हा वर राष्ट्राध्यक्ष नव्हताच. २०२४ ला होता, आणि ट्रम्प तिथे सुमारे २० टक्क्यांनी पुढे गेले. टेस्टर डेमोक्रॅट, म्हणजे ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या विरोधातला. वर ट्रम्प, खाली टेस्टर असं मत देणारेही निघाले, म्हणून तो सातच टक्क्यांनी हरला; पण एवढा खड्डा काही भरला नाही.

मग २०१२ ला कसा आला? तेव्हाही राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी तिथे जवळपास १४ टक्क्यांनी पुढे होते. म्हणून तिसरा उमेदवार बघायचा. लिबर्टेरियन पक्षाच्या माणसाने सहा टक्क्यांच्या वर मतं घेतली आणि टेस्टर चारेक टक्क्यांनी निघाला. सगळं श्रेय तिसऱ्याला देऊ नका, पण दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले तेव्हा तुतारी चिन्हावरच्या त्याच आडनावाच्या दुसऱ्या भगरेंनी लाखभर मतं नेलेली ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

आकडे लहान असतात, हे ध्यानात ठेवा. राज्य महाराष्ट्राहून मोठं, माणसं अकरा लाखांच्या आसपास. २००६ ला टेस्टर साडेतीन हजारांनीच आला होता. मिझूला आणि बोझमन या शहरांकडची मतं डेमोक्रॅटांची, तिथली मोजायची किती राहिलीत ते बघितल्याशिवाय कुणाला फोन करू नका.

मतदान मंगळवारी, मोजणी त्याच रात्री. आपल्याकडे बुधवारी सकाळी साडेआठला तिथलं मतदान संपतं, म्हणजे फवारणी आधीच उरकून घ्या.

टेस्टरला हरवणाऱ्या टिम शीहीची मुदत सहा वर्षांची. पुढची लढत २०३० ला, आणि तेव्हा वर राष्ट्राध्यक्ष नसेल. मेव्हण्याला मिसळीचं आताच सांगून ठेवलंय.