घरट्याला धक्का न लावता डोंबारी कसा पाहावा

डोंबारी बघायला माळावर निघालात तर आधी कान लावा, मग आकाशाकडे बघा, जमिनीकडे सगळ्यात शेवटी. चंडोलांच्या कुळातला हा पक्षी चिमणीहूनही लहान, जेमतेम १२-१३ सेंटिमीटरचा. मातीत दबून बसला की पायाशी येईपर्यंत दिसत नाही. विणीच्या दिवसांत मात्र नर आपणहून पत्ता देतो. फडफडत वर चढतो, पंख मिटून सुळकन खाली येतो, शीळ घालत पुन्हा उसळतो, आणि असं करत करत एखाद्या दगडावर नाहीतर ढेकळावर टेकतो. तो दगड नजरेत धरून ठेवा आणि तिथेच थांबा.

उंच, दाट गवतात वेळ घालवू नका. मुरमाड, दगडगोट्यांची, विरळ गवताची जागा निवडा. नांगरून पडलेलं रान किंवा गाडीवाटही चालेल. सकाळी लवकर जा.

नर ओळखायला सोपा: डोकं राखी, गाल पांढुरके, गळ्यापासून पोटापर्यंत काळा. मादी बघून लोक चिमणी समजतात. तिची चाल बघा. चिमणी टुणटुण उड्या मारते, ही अंग जमिनीलगत ठेवून वेडीवाकडी तुरुतुरु चालते.

आता घरटं. ते शोधायचं नाही, तरी कसं असतं ते माहीत हवं, म्हणजे तुडवलं जाणार नाही. ढेकळाच्या किंवा गवताच्या बुंध्याच्या आडोशाला वाटीएवढा खळगा, आत बारीक गवत आणि केस, कडेला बऱ्याचदा बारीक खडे मांडलेले. आत दोन-तीन फिकट, तपकिरी ठिपक्यांची अंडी. नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात. त्यामुळे चोचीत किडा धरलेला पक्षी तुमच्याभोवती घुटमळतोय आणि खाली उतरत नाहीये, असं दिसलं की समजा, घरटं जवळ आहे आणि तुम्ही आड आला आहात. आल्या पावली मागे फिरा. तुम्ही उभे असेपर्यंत तो घरट्यावर जाणार नाही, आणि माळावरच्या उन्हात उघडी अंडी-पिल्लं फार लवकर तापतात.

खूण म्हणून तिथे दगड रचू नका, गवत बाजूला करून फोटो घेऊ नका. कावळे सगळं बघत असतात आणि घरटं लुटतात. कुत्रं बरोबर आणू नका. गाडी चाकोरीतच ठेवा. मोबाईलवर आवाज वाजवून नराला बोलावणं तर अजिबात नको. अंडी-घरट्यांना हात लावणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

माळाला पडीक म्हणून तिथे खड्डे खणून झाडं लावणाऱ्यांशीही जरूर बोला. त्यांचा हेतू चांगला असतो, पण डोंबारीला मोकळी जमीनच लागते. सावली धरली की तो ती जागा सोडतो. रोपं गावात, बांधावर लावू द्या.

फोटो हवाच असेल तर नर ज्या दगडावर उतरतो त्यापासून लांब, गाडीतच बसून राहा. त्याच दगडावर तो पुन्हा पुन्हा येऊन बसतो.