पिकअप घेताना गाडी थरथरते? अलाइनमेंटला पळण्याआधी या चुका टाळा

गाडी थरथरायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घे. थरथर ८०-१०० च्या वेगाला येत असेल, स्टेअरिंगमध्ये जाणवत असेल आणि एक्सिलरेटर सोडल्यावरही तशीच राहत असेल, तर बॅलन्सिंगपासून सुरुवात करणं बरोबरच आहे. पण पाय दाबला की हादरे आणि पाय उचलला की गाडी शांत, असं होत असेल तर चाकांवर खर्च करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अशा वेळी दोष इंजिन, क्लच किंवा ड्राइव्ह शाफ्टमध्ये (गियरबॉक्सची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यात) शोधायचा. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. त्याचा पिकअपच्या थरथरीशी सहसा संबंध नसतो.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी एक निरीक्षण करून ठेवा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ६० चा वेग आधी तिसऱ्या गियरमध्ये घ्या, मग चौथ्यात. दोन्ही गियरमध्ये थरथर सारखीच आली तर संशय चाकं आणि शाफ्टवर. गियर बदलल्यावर तिचं रूप बदललं तर इंजिनकडे वळा. मेकॅनिकला नुसतं ‘गाडी व्हायब्रेट होते’ सांगण्यापेक्षा हे सांगितलंत तर त्याचं निम्मं काम होतं.

उभ्या गाडीला रेस देऊन निदान करू नका

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मेकॅनिक बॉनेट उघडतो, न्यूट्रलमध्ये रेस देतो, इंजिन छान फिरतं आणि ‘काही नाही, पेट्रोल खराब असेल’ म्हणून गाडी परत येते. न्यूट्रलमध्ये इंजिनावर भार नसतो. भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात स्पार्क प्लगची ठिणगी पडायला त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. झिजून गॅप वाढलेला प्लग किंवा कमजोर कॉइल तिथेच हार मानते. बोरघाटाच्या चढावर झटके देणारी गाडी गॅरेजच्या दारात म्हणूनच शहाण्यासारखी वागते. मेकॅनिकला शेजारी बसवा, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) जोडा आणि चढ असलेल्या रस्त्यावर, निदान उड्डाणपुलावर तरी, चक्कर मारा.

मिसिंग असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल, तर बहुतेक वेळा चेक इंजिनचा दिवा लागतो. तो लुकलुकत असेल तर लगेच पाय हलका करा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो भाग तापून खराब होतो, आणि त्याची किंमत चार प्लगच्या कितीतरी पट असते. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो. इथे चारही कॉइल एकदम बदलून घेऊ नका. समजा कोड दुसऱ्या सिलिंडरचा आहे. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. कोड जागेवरच राहिला तर प्लग अदलाबदल करून पाहा, मग इंधन फवारणारा इंजेक्टर. साधे निकेल प्लग साधारण ३०-४० हजार किलोमीटरच टिकतात. इरिडियम प्लग मात्र तारेच्या ब्रशने घासू नका, टोक खराब होतं.

सीएनजी गाडीत एक सोपी चाचणी हाताशीच असते: झटके आले की पेट्रोलवर टाका. पेट्रोलवर गाडी नीट चालली तरी गॅसकिटला लगेच दोष देऊ नका. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेले प्लग आधी सीएनजीवरच उघडे पडतात. प्लग पाहा, मग गॅसचा फिल्टर. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतात. तिथे आधी डिझेल फिल्टर बघा. पावसाळ्यात त्यात साचलेलं पाणी काढून टाकायला हवं.

आतला जॉइंट विसरू नका

इंजिन नीट आहे, दिवा नाही, मिसिंग नाही, तरी पिकअप घेताना सीट आणि फ्लोअर डावी-उजवीकडे डुलतात. आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये हे ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या, गियरबॉक्सकडच्या जॉइंटचं लक्षण असतं. त्यातले तीन रोलर खाचांमध्ये सरकतात. खाचा झिजून खड्डे पडले की ताकद लागताच रोलर अडतात आणि शाफ्ट हिसके देतो. बाहेरचा जॉइंट वळताना कट-कट आवाज करतो म्हणून पटकन सापडतो. आतला आवाज करेलच असं नाही, म्हणून राहून जातो. नुसता रबर बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) शाबूत दिसला म्हणून तो पास करू नका. गाडी लिफ्टवर घेऊन दोन्ही बाजूंचे शाफ्ट हाताने हलवा आणि ढिलाईची तुलना करा. बूट फाटून ग्रीस उडालेलं असेल आणि आत चिखल गेला असेल, तर नुसता बूट बदलून भागत नाही.

बोलेरोसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हेच काम प्रोपेलर शाफ्टच्या (गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसकडे, म्हणजे त्याच्या सांध्याकडे असतं. शाफ्ट खोलताना खुणा करायला सांगा. उलटसुलट बसला तर नवीन क्रॉस टाकूनही थरथर राहते.

इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार) फाटलं असेल तर एसी लावून सिग्नलला उभं असतानाही गाडी थरथरते आणि गाडी जागेवरून पुढे काढताना ‘ठप’ असा आवाज येतो. पंक्चर काढल्यानंतर लगेच थरथर सुरू झाली असेल तर मात्र बाकी सगळं सोडा, गाडी बाजूला घ्या आणि चाकाचे नट तपासा. आणि कोकणातून आल्यावर वेगात थरथर लागली तर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला लाल चिखल आधी धुवा. कित्येकदा बॅलन्सिंगची गरजच उरत नाही.

थरथर फक्त पहिल्या गियरला आणि रिव्हर्सला, गाडी उचलतानाच येत असेल तर तो क्लच. घाटातल्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याने क्लच प्लेट आणि ती जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची चकती, म्हणजे फ्लायव्हील, जळतात. नुसती प्लेट बदलू नका. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग बघायला सांगा, आणि प्लेट तेलकट असेल तर गळका ऑइल सीलही त्याच वेळी बदला, नाहीतर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, आपोआप गियर बदलणाऱ्या) गाडीतही क्लच असतोच. तो बदलल्यावर स्कॅनर लावून त्याचं सेटिंग नव्याने करावं लागतं. ते झालंय का हे गाडी ताब्यात घेण्याआधी विचारा आणि चढावर थांबवून एकदा उचलून पाहा.