आनुवंशिक आजाराचा धोका मोजताना या चुका टाळा

"भावाला सिस्टिक फायब्रोसिस आहे, मला नाही. मग मी वाहक असण्याची शक्यता किती?" सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार; सदोष जनुकाच्या दोन प्रती मिळाल्या तरच तो होतो, एकच मिळाली तर माणूस स्वतः निरोगी 'वाहक' असतो. या प्रश्नावर बहुतेक जण पटकन 'निम्मी' म्हणून मोकळे होतात. इथेच गणित चुकतं. कागदावर चार चौकटी आखा. भाऊ आजारी, म्हणजे आईवडील दोघेही वाहक, म्हणून एक चौकट आजारी मुलाची, दोन वाहकांच्या, एक दोषमुक्त मुलाची. विचारणाऱ्याला आजार नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, तेव्हा आजाराची चौकट खोडून टाका. उरल्या तीन, त्यांतल्या दोन वाहकांच्या. उत्तर 2/3. हाताशी असलेली माहिती न वापरणं ही मला यातली सगळ्यात घातक चूक वाटते, कारण पुढचा प्रत्येक गुणाकार याच आकड्यावर उभा राहतो.

आता जोडीदाराकडे वळू. 'आजार 2500 जन्मांत एकाला, म्हणजे वाहकही तितकेच विरळ' हा समज खोटा आहे. गणिती हार्डी आणि डॉक्टर वाइनबर्ग यांनी 1908 मध्ये वेगवेगळा मांडलेला नियम सांगतो की अशा अप्रभावी (दोन सदोष प्रती लागणाऱ्या) आजाराचं प्रमाण म्हणजे सदोष जनुकाच्या प्रमाणाचा वर्ग. वर्गमूळ काढलं की 1/50 मिळतं आणि वाहक त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे 25 जणांत एक! बाळाला आजार होण्याचा धोका मग 2/3 × 1/25 × 1/4, म्हणजे 1/150. शेवटचा 1/4 राहून गेला तर धोका चौपट दिसतो आणि घरातली माणसं विनाकारण हादरतात.

हा 2500 चा आकडा उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, तो सरसकट सगळ्यांना लावू नका. त्याच समाजात आतेमामे भावंडांचं लग्न झालं, तर कुटुंबात आधी कुणाला आजार नसतानाही त्यांच्या बाळाचा धोका 2500 त एकावरून सुमारे 615 त एकावर येतो. हिमोफिलियासारख्या (रक्त नीट न गोठण्याचा आजार) एक्स गुणसूत्रावरच्या आजारात मुलग्यांकडे एक्स एकच असतो, म्हणून मुलग्यांमधलं प्रमाण हेच जनुकाचं प्रमाण, तिथे वर्गमूळ काढायचं नाही.

जोडीदाराची चाचणी निगेटिव्ह आली की 'सुटलो' म्हणू नका. चाचणी 90 टक्के वाहक ओळखत असेल, तर 1/25 ची शक्यता 1/241 वर उतरते, शून्यावर नाही. वरच्या जोडप्याचा 1/150 हा धोका मग 1/1446 होतो.