पिग्मीचं अ‍ॅप काढण्याआधी एजंटामागे गल्ली फिरा

पतसंस्थेच्या ऑफिसात बसून एजंटाला ‘अ‍ॅपमध्ये काय काय हवं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सोपं पायजे बघा.’ एवढ्यावर स्क्रीन आखता येत नाही. बेळगावच्या खडे बाजारात त्याच्यामागे दोन तास फिरलं की येते. पिग्मी, म्हणजे एजंट रोज गोळा करतो ती छोटी बचत, १९२८ साली उडुपीत सुरू झाली. दारावर जाऊन पैसे घ्यायचे नि नोंद करायची, हे काम अजून तेच आहे.

तीन एजंट पुरतात, पण तिघांचे रस्ते वेगळे हवेत: बाजारपेठ, शहापूर-वडगावच्या गल्ल्या आणि खानापूरकडची, मधेच रेंज जाणारी खेडी. सेक्रेटरींची परवानगी घ्या, त्यांना सोबत नेऊ नका. साहेब मागे असले की एजंट नियमानं वागतो. बघायचं असतं ते तो नियम कुठे वाकवतो. तुम्ही कशाला आलात ते ग्राहकाला एजंटानंच सांगावं, नको म्हणाला तर बाहेर थांबा. पासबुकाचा फोटो नाही, शिल्लक लिहून घेणं नाही.

वहीत तीन रकाने आखा: वेळ, काय घडलं, मला काय वाटलं. ‘गोंधळला’ हे तिसऱ्यात. दुसऱ्यात ‘खाते क्रमांक दोनदा खोडला, मग खिशातून डायरी काढली’.

ती डायरी नीट बघा, अर्धं डिझाइन तिच्यातच असतं. खाती क्रमांकानं नाही, दुकानांच्या ओळीनं लिहिलेली. नुसतं ‘पाटील’ लिहून या भागात भागत नाही, म्हणून ‘पाटील, गिरणीवाले’. नावापुढे टिंब असलं तर अर्थ विचारा. दोन दिवसांचे एकदम देणारा असू शकतो. म्हणजे यादी फेरीच्या क्रमानं हवी, ओळखीची खूण लिहायला जागा हवी. एका दुकानात मराठी, शेजारी कन्नड, त्यामुळे पावतीची भाषा खात्यागणिक ठरवा. एका हातात पिशवी नि सुटे पैसे, पावसाळ्यात वर छत्री: बटणं अंगठ्याच्या टप्प्यात ठेवा.

एजंट अडला तरी मदत करू नका. मनात दहा मोजा, मग ‘आता काय शोधताय?’ विचारा. ‘असं का केलंत?’ म्हटलं की तो सफाई द्यायला लागतो.

टिपणं त्याच संध्याकाळी पक्की करा. तिघांपैकी दोघांकडे दिसलेली अडचण आधी घ्या; रक्कम चुकण्याची मात्र एकदाच दिसली तरी घ्याच. मग कागदावर स्क्रीन काढून पुन्हा फेरीला जा. डायरी खिशातून निघालीच, तर कुठलं पान उघडलं ते टिपा.