सात सीटर हवी आणि तीही मॅन्युअल? या चुका टाळा

घरात सहा-सात माणसं, वर्षातून दोन-तीनदा गावाकडे फेरी, वाटेत घाट. आणि गिअर मात्र आपल्या हातानेच टाकायचा, हा हट्ट. हट्टात काही गैर नाही. पण मोठ्या गाड्यांमध्ये मॅन्युअल गिअर हळूहळू कोपऱ्यात ढकलला जातोय, आणि शोरूममध्ये गेल्यावर 'साहेब, आता सगळे ऑटोमॅटिकच घेतात' हे ऐकावं लागतं. म्हणून आधी गिअरबॉक्स ठरवा, मग गाडी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

नावावर जाऊ नका

इनोव्हा म्हटलं की एकच गाडी डोळ्यांसमोर येते, पण तिथे हायक्रॉस आणि क्रिस्टा असे दोन वेगळे संसार आहेत. हायक्रॉसमध्ये मॅन्युअल नाही आणि डिझेलही नाही. क्रिस्टा २०२३ मध्ये परत आली ती २.४ लिटर डिझेल आणि पाच गिअरच्या मॅन्युअलमध्येच, तिच्यात ऑटोमॅटिक नाही. मारुतीची इन्व्हिक्टो ही हायक्रॉसचीच बहीण, तिथेही क्लच नाही. कियाच्या कार्निव्हलमध्येही नाही. उलट बोलेरो आणि स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये मॅन्युअलशिवाय दुसरं काही मिळत नाही.

खरी फसगत मधल्या गाड्यांत होते. जाहिरातीत दिसते ती टॉप मॉडेलची गाडी, आणि हवी ती सोय फक्त ऑटोमॅटिकला जोडलेली निघते. एक्सयूव्ही७०० मध्ये ऑल व्हील ड्राइव्ह हवी तर डिझेल ऑटोमॅटिकच घ्यावी लागे. स्कॉर्पिओ एनमध्ये मात्र फोर व्हील ड्राइव्ह मॅन्युअलसोबतही आली. एर्टिगाची गंमत वेगळीच: सीएनजी हवी असेल तर मॅन्युअलच. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, सीटची मांडणी आणि मॉडेल हे चारही एकाच ओळीत दाखवणारा किमतीचा तक्ता मागा, आणि तो चालू महिन्याचाच घ्या. बुकिंगच्या पावतीवर गिअरबॉक्स लिहून घ्यायला विसरू नका.

पॅडल मोजा

गिअरचा दांडा दिसला म्हणजे मॅन्युअल, असं नसतं. एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल, तिच्यात क्लच आणि गिअर दोन्हींचं काम यंत्र करतं. कियाच्या कॅरेन्समध्ये आलेल्या आयएमटीत (क्लच पॅडल नसलेला मॅन्युअल) तर गिअर आपणच टाकायचा, पण क्लचचं पॅडलच नाही. दांड्यावरच्या सेन्सरला हात कळतो आणि क्लच आपोआप दबतो. गर्दीत पायाला आराम, हे खरं. पण चढावर गाडी क्लचवर तोलून सोडायची ज्यांना सवय आहे, त्यांचा पाय तिथे नुसताच जमिनीवर आपटतो. टेस्ट ड्राइव्हला बसल्यावर आधी खाली बघा: पॅडल तीन हवीत.

ब्रोशरमधला टॉर्क कुणाचा?

टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. पहिल्या पानावरचा मोठा आकडा बऱ्याचदा ऑटोमॅटिकचा असतो. फॉर्च्युनरचं २.८ लिटर डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर देतं, मॅन्युअलमध्ये ४२०. स्कॉर्पिओ एनच्या जास्त ताकदीच्या डिझेलमध्ये ४०० आणि ३७०, एक्सयूव्ही७०० मध्ये ४५० आणि ४२०. फरक आहे म्हणून मॅन्युअल वाईट ठरत नाही, पण तुलना करताना दोन्ही गाड्यांचा मॅन्युअलचाच आकडा घ्या.

रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सेल्समन शेजारी, मागे कुणी नाही, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर. एवढ्यात सगळ्याच गाड्या छान वाटतात. घरची सगळी माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि जवळचा एखादा चढ गाठा. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. तिसऱ्यात जीव जातोय म्हणून सारखा दुसरा टाकावा लागतोय का, ते बघा. दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनात सात माणसं बसली की हे होतंच. क्लच जड आहे का, हे पाच मिनिटांत कळत नाही. क्रिस्टाचा क्लच पायाला जाणवतो. गणपतीत माणगावच्या कोंडीत तीन तास पहिला-दुसरा करताना तो किती जाणवेल, याचा विचार आजच करा. घरात दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर त्यांनाही चालवू द्या.

जुनी घेताना

एर्टिगा आणि क्रिस्टा टॅक्सीत भरपूर चालल्या आहेत. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आलीय का, ते आरसीच्या नोंदींत तपासा. दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी घेत असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून हिशेब करा, स्वस्ताई बरीच खाली येते.

क्लच तपासायला मेकॅनिक लागतोच असं नाही. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि गाडी मात्र तिथेच, तर क्लचप्लेट घसरतेय. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून कान द्या. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर दुखणं गिअरबॉक्समधल्या बेअरिंगचं असण्याची शक्यता जास्त, आणि ते बरंच महाग.

गाडी घरी आल्यावर

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात? गिअरबॉक्स उघडू देऊ नका. क्लच पूर्ण सुटत नाही; आधी क्लच ऑइलची पातळी आणि पॅडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या मास्टर-स्लेव्ह सिलिंडरची गळती बघायला सांगा. एकाच गिअरला करकर येत असेल तर गिअरचा वेग जुळवून घेणारी सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. रिव्हर्सला करकर येते तेव्हा बहुधा गाडी पुरती थांबलेलीच नसते.

घाटात रांग लागली की हाफ क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक ओढा. जळका वास आला तर बाजूला घेऊन क्लच थंड होऊ द्या. उतरताना न्यूट्रल अजिबात नाही. चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना.

आणि क्लचप्लेट बदलायची वेळ आलीच तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या, फ्लायव्हीलही तपासायला सांगा. गिअरबॉक्स खाली उतरवायची मजुरी एकदाच द्यावी लागते.