शोधाधारित अध्यापनासाठी पाठरचनेचे डिजिटल साधन कसे पारखावे

साधन उघडण्यापूर्वी स्वतःचा एक पाठ कागदावर मांडावा. निर्मात्याने दिलेल्या नमुन्यावर कोणतेही साधन सुबकच दिसते, म्हणून आपण शिकवलेला आणि नेमका कुठे अडतो हे ठाऊक असलेला पाठ घ्यावा. उदाहरणार्थ, सांडपाण्याचा नाला मिळाल्यानंतर नदीतील विरघळलेला प्राणवायू किती अंतरावर पूर्ववत होतो, हा पर्यावरणशास्त्राचा प्रश्न. शोधाधारित अध्यापनात विद्यार्थी स्वतः शोध घेत शिकतात, म्हणून प्रश्न, पद्धत आणि उत्तर यांपैकी काय आपण देणार आणि काय विद्यार्थ्यांवर सोडणार, हेही तेव्हाच लिहून ठेवावे.

मग तो पाठ साधनात भरावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डायना लॉरिलार्ड यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘लर्निंग डिझायनर’ या विनामूल्य साधनात प्रत्येक कृतीला ग्रहण (वाचणे, पाहणे, ऐकणे), शोध, चर्चा, सराव, सहकार्य आणि निर्मिती यांपैकी एक प्रकार व मिनिटे द्यावी लागतात आणि त्यांवरून वर्तुळालेख तयार होतो. व्याख्यानाने किती वेळ घेतला हे त्यात लख्ख दिसते, आणि हा लाभ मोठा आहे. मात्र ‘शोध’ हा शिक्का शिक्षकच मारतो. ठरलेल्या कृतीने ठरलेले उत्तर काढायला लावणारे प्रात्यक्षिकही तिथे शोध म्हणून बसते. म्हणून आलेखावर न थांबता प्रत्येक कृतीतला निर्णय कोण घेतो, हे कागदावरील नोंदीशी ताडून पाहावे.

सर्वांत महत्त्वाची कसोटी माघारीची आहे. मोजमापांनी गृहीतक खोटे ठरवले, तर विद्यार्थ्यांच्या गटाला पुन्हा प्रश्नाकडे नेणारी वाट आराखड्यात दाखवता येते का? ऑस्ट्रेलियातील मॅक्वायरी विद्यापीठात तयार झालेल्या ‘लॅम्स’ या पाठरचनेच्या साधनामध्ये कृतींचा क्रम चित्ररूपाने जुळवता येतो आणि त्याला फाटेही देता येतात, अशा साधनात पुढे जाणारा फाटा जोडून समाधान मानू नये, मागे येणारी वाट प्रत्यक्ष आखून पाहावी. माझ्या मते जे साधन ही वाट आखू देत नाही, ते शोधाधारित पाठाला अपुरे आहे.

मराठीतून शिकवणाऱ्यांनी ‘प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने’ असे जोडाक्षरी वाक्य टाकून त्याची पीडीएफ काढावी आणि ती मोबाइलवर उघडून जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हे वाचून पाहावे.

यानंतर दोन-तीन सहकाऱ्यांना मदत न करता तोच पाठ भरायला सांगून ते कुठे थबकतात याची नोंद घ्यावी. जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केलेली, साधन वापरायला किती सोपे वाटले हे मोजणारी दहा विधानांची सुलभता-मोजपट्टी या सहकाऱ्यांकडून भरून घेणे येथे उपयोगी पडते. तिचे गुण 0 ते 100 असले तरी ते टक्के नव्हेत, आणि साधारण 68 ही सरासरी मानली जाते. गुण चांगले आले तरी माघारीच्या कसोटीत नापास झालेले साधन त्यांच्या बळावर स्वीकारू नये.

शेवटी पाठ एकदा वर्गात घ्यावा, विद्यार्थी आराखड्यापासून जिथे वळले तिथे खुणा कराव्यात आणि त्या दुरुस्त्या त्याच दिवशी साधनात उतरवून किती वेळ लागला ते लिहून ठेवावे.